छपराचा उतार

१

चितळ मारायला टू-फॉर्टी-थ्रीसारखी बारकी बंदूक घेऊन जाणारा माणूस एक तर कंजूष असतो, नाहीतर माझा भाऊ असतो. एल्रॉय दोन्ही आहे. हे मी त्याच्या तोंडावर म्हणते, त्याच्या बायकोसमोर म्हणते, आणि एकदा चर्चमधून बाहेर पडताना पाद्रीबाबांनाही ऐकवलंय.

"शंभर ग्रेन वजनाची गोळी बरोबर जागी बसली ना, की हत्तीसुद्धा खाली बसेल," एल्रॉय म्हणतो.

"हत्ती बसेल रे. चितळ पळेल. आणि मग सीडरच्या झुडपांतून रांगत त्याला शोधणार कोण? मीच!"

"तुझ्या तोफेने काय होतं ते पाहिलंय मी. अख्खा खांदा वाया. त्याचं काय शिसं घालून सॉसेज करायचं?"

माझी तोफ म्हणजे थ्री-नॉट-एट. तिच्यात मी एकशे पासष्ट ग्रेनची गोळी घालते, आणि लानो नदीच्या या काठाला जो शिकारी येईल त्यालाही घालायला लावते. चितळ हाडापेराने दणकट. आमच्या पांढऱ्या शेपटीच्या देशी हरणासारखं नाजूक प्रकरण नाही ते. त्याचं काळीज माणसाला वाटतं त्यापेक्षा पुढे आणि खाली असतं. शहरातले लोक देशी हरणाच्या हिशेबाने नेम धरतात, गोळी पोटात जाते, आणि जनावर दोन टेकड्या ओलांडून मरतं. मी सांगते तिथे मारलं तर जागच्या जागी. हे माझ्याइतकं इथे कुणाला कळत नाही. बढाई म्हणून नाही सांगत. बरं, थोडी बढाई आहे.

चितळ मुळात इथलं नव्हेच. माझ्या आजोबांच्या वेळी कुणा हौशी जमीनदाराने समुद्रापलीकडून आणून कुंपणात ठेवलं. कुंपण पडलं आणि ठिपके सगळ्या डोंगरभर झाले. देशी हरणाला हंगाम असतो, चितळाला नाही. बारा महिने मारा, कुणी विचारत नाही. त्यांच्या मूळ मुलखात त्यांना वाघ खातो म्हणे. इथे खाणारे आम्हीच.

गेल्या उन्हाळ्यात एल्रॉयचा गुडघा बदलला आणि माणूसच बदलला. दिवसभर खुर्चीत, टीव्हीसमोर, दाढी वाढलेली. भांडायलासुद्धा उठेना. शेवटी त्याची बायको ओपल माझ्याकडे आली. ती रडणारी बाई नाही, पण त्या दिवशी तिचा आवाज कापत होता.

"नेल्डा, त्याला एकदा मचाणावर ने. हंगामाच्या पहिल्या शनिवारी. नाहीतर तो त्या खुर्चीतच संपेल गं. पण जसा नेशील तसा परत आण. तुझ्या भरवशावर सोडतेय."

"आणते की! जाणार आहे तो कुठे? आपल्याच रानात तर आहे," मी म्हणाले.

२

आमचं मचाण म्हणजे चार खांबांवर उभं केलेलं लाकडी खोकं. आम्ही त्याला बंगला म्हणतो, कारण आत भिंतींना जुना गालिचा ठोकलाय आणि ऑफिसातली फिरती खुर्ची आहे. मी स्वतः बांधलाय. वर पत्रा, त्याचा उतार मागे, म्हणजे पावसाचं पाणी समोरच्या खिडकीवरून गळत नाही. समोर मोकळं गवत, आणि मधोमध तीन पायांवर मक्याचं पिंप. पिंपाखालची चकती ठरलेल्या वेळी घरघरते, दाणे उधळते, आणि आवाज ऐकला की हरणं येतात. आपोआप. पूर्वी ती भित्री होती. आवाजाची आणि वेळेची सवय लागली की जनावर स्वतःच्या पायांनी येऊन समोर उभं राहतं.

मचाणात एकच नियम. हरणाने मान वर करून तुमच्याकडे बघितलं, की दगड व्हायचं. नाक खाजलं तरी हात उचलायचा नाही. ते मान खाली घालत नाही तोवर श्वाससुद्धा बेताने. आमच्या घरात पोरांना हे चालायच्या आधी शिकवतात.

हंगामाच्या आधीच्या आठवड्यात मी ह्यूस्टनच्या एका दातांच्या डॉक्टरला घेऊन बसले होते. प्रेंटिस नाव त्याचं. बूट नवे, बोलणं फार, पण सांगितलेलं ऐकणारा. चकती घरघरली. आधी देशी हरणं आली, मग ओकच्या झाडीतून चितळांचा कळप. सगळी खायला लागली.

आणि मग चितळांनी माना वर केल्या. सगळ्यांनी एकदम.

"दगड," मी ओठांतल्या ओठांत म्हणाले. डॉक्टर दगड झाला.

आता हरीण बघतं ते खिडकीत बघतं. खिडकीत काहीतरी हललेलं असतं. मी इतकी वर्षं त्यांच्या डोळ्यांत बघत आलेय, मला त्यांची नजर कुठे टेकते ते कळतं. ही नजर खिडकीत नव्हती. जरा वर होती. एक मादी पुढचा पाय आपटून ओरडली. चितळाची ती धोक्याची हाक कुत्र्याच्या भुंकण्यासारखी तुटक असते, माणूस दिसला की देतात. देतात आणि पळतात. ही ओरडत राहिली आणि जागची हलली नाही. शेजारी देशी हरणं मजेत दाणे टिपत होती. त्यांना कशाचं काही नव्हतं.

डोक्यावर पत्रा कुरकुरला. पत्रा उन्हाने कुरकुरतोच. ऊन अजून यायचं होतं, पण म्हटलं, थंडीनेही कुरकुरत असेल.

"मारू?" डॉक्टर पुटपुटला.

"खांद्याच्या खाली. अजून खाली. हां."

बार झाला. नर जागच्या जागी कोसळला. देशी हरणं शेपट्या उडवत दिसेनाशी झाली.

चितळं तिथेच उभी होती. शेजारी त्यांचा सोबती पाय झाडत होता, आणि तिकडे एकानेही वळून बघितलं नाही. ती आमच्या डोक्यावर बघत होती.

"किती धीट असतात हो ही!" डॉक्टर खूश होऊन म्हणाला.

"हो, असतात," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाशी शिकारीबद्दल खोटं बोलले.

३

दुपारी शिडी लावून मी छपरावर चढले. घुबड, रकून, गिधाड, काय वाट्टेल ते निघू दे, एकदाचा निकाल लागला म्हणजे झालं. रकूनची विष्ठा मी ओळखते, गिधाडाचं पीस ओळखते.

काहीच नव्हतं. अजिबात काहीच नव्हतं. वर ओकची मोठी फांदी आहे. त्या पत्र्यावर वर्षभर पानं, काटक्या आणि फळं पडलेली असतात, मी एकदाच हंगामाआधी झाडते. यंदा झाडलं नव्हतं. तरी पत्रा पुसून काढल्यासारखा लख्ख होता. पन्हाळीत मात्र पानं होती, शिडीवर होती, आजूबाजूला ढीग होते. वारा फक्त छपरावरची पानं नेत नाही, एवढं मलाही कळतं. मग मी स्वतःला सांगितलं की पत्रा गुळगुळीत आहे, उतार आहे, घसरली असतील. दरवर्षी का नाही घसरत, असं आतून कुणीतरी विचारलं. त्याला मी गप्प बसवलं.

संध्याकाळी एल्रॉयच्या स्वयंपाकघरात मी हे सांगितलं. तो बंदुकीला तेल देत होता. कितीतरी दिवसांनी दाढी केली होती त्याने. ओपल ओट्याशी उभी राहून त्याच्याकडे चोरून बघत होती आणि तिचा चेहरा फुललेला होता.

"म्हणजे चितळं तुझ्या डोक्यावर बघत होती," एल्रॉय म्हणाला.

"हो."

"केस रंगवलेस ना परवा? मी असतो तर मीही बघितलं असतं."

"एल्रॉय, चेष्टा पुरे. त्या दुसऱ्या मचाणावर बस ना यंदा. नदीकडच्या."

"तिथली शिडी उभी आहे, माझा गुडघा नवा आहे. आणि माझी खुर्ची बंगल्यात आहे. दर हंगामाच्या पहिल्या शनिवारी मी तिथेच बसतो. रानातल्या चिमणीलासुद्धा माहीत आहे." त्याने नळीतून दिव्याकडे बघितलं. "तुला भीती वाटतेय की काय? की माझी टू-फॉर्टी-थ्री तुझं नाक कापेल याची धास्ती आहे?"

भीती हा शब्द मला चालत नाही. त्याला ते माहीत आहे, म्हणूनच त्याने वापरला.

"बस तिथेच. बघू तुझी खेळण्यातली बंदूक," मी म्हणाले.

४

शनिवारी पहाटे मी त्याला पिकअपने मचाणाखाली सोडलं. एकेक पायरी थांबत तो चढला, वरून अंगठा उंचावला आणि दार लावून घेतलं. मी गाडी गवताच्या पलीकडच्या टोकाला ओकखाली लावली. जखमी जनावर कुठे वळलं ते बघायला कुणीतरी लागतं, असं त्याला सांगितलं होतं. मांडीवर दुर्बीण, शेजारी वॉकीटॉकी आणि माझी थ्री-नॉट-एट.

उजाडलं. स्वच्छ, थंड, वाऱ्याचा मागमूस नाही. असली सकाळ देव शिकाऱ्यांसाठीच करतो. चकती घरघरली. देशी हरणं आली. मग चितळं आली, आणि त्यांच्यात असा एक नर, की शिंगं बघून माझी सगळी शंका पळाली. मी मनात म्हटलं, मार रे एल्रॉय, मार, लागू दे तुझी ती टिकली एकदाची. इतकं माझं त्याच्यावर प्रेम आहे.

चितळांनी माना वर केल्या.

मी लांब होते, बाजूला होते. पहिल्यांदाच मला ती कुठे बघताहेत ते बाहेरून दिसणार होतं. मी दुर्बीण लावली.

खिडकीत एल्रॉयची टोपी दिसली. तो दगड झाला होता. वर छप्पर होतं. छपरात काही वावगं नव्हतं, राखाडी, नेहमीसारखं. मला जरा वेळ लागला. छपराचा उतार पुढे होता.

मी बांधलाय तो बंगला. उतार मागे आहे. मी दुर्बीण पुसली आणि परत लावली. उतार पुढेच होता, आणि मागची बाजू जिथे पत्रा खाली यायला हवा तिथे तो जाड होता, भरलेला होता. ताडपत्री, मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, गाडीत एकटी असताना. एल्रॉयने वर ताडपत्री टाकली असेल. बदललेल्या गुडघ्याने छपरावर चढून. मला न सांगता.

मग तो उतार हळूच वर आला आणि हळूच खाली गेला. जरा थांबून पुन्हा वर आला.

झोपलेल्या कुत्र्याची कूस अशी वरखाली होते.

मी वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "एल्रॉय. खाली उतर."

यंत्र खरखरलं. मग अगदी बारीक आवाज. "श्श. बघताहेत."

"तुझ्याकडे नाही बघत. ऐक माझं, दार उघड आणि उतर."

"नेल्डा, गप्प बस. मोठा नर आहे. सगळी इकडेच बघताहेत. मी हललो तर गेला." त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता. कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता असा आवाज. "माना खाली घालू देत. बसतो मी. कितीही वेळ बसतो."

आणि त्याने यंत्र बंद केलं. मीही तेच केलं असतं.

पुढच्या बाजूने, खिडकीच्या वर, पत्र्याची कड जरा खाली आली. ओल्या घोंगडीचं टोक खाटेवरून लोंबतं तशी. मग आणखी जरा खाली आली. आत माझा भाऊ श्वास रोखून बसला होता, कारण लहानपणी त्याला मीच तसं शिकवलं होतं.

५

मी बंदूक उचलली. माणसाच्या दिशेने नळी धरायची नाही हे आमच्याकडे बाळकडूच, तरी उचलली. अंतर काहीच नव्हतं. त्या अंतरावरून मी चितळाचा कान म्हणाल तर कान उडवते.

कुठे मारायचं?

देशी हरणाचं काळीज, चितळाचं काळीज, रानडुकराचं, सगळी मला झोपेत विचारा. ह्याला काळीज कुठे होतं? होतं का? खांदा कुठला? एकशे पासष्ट ग्रेन त्याच्यातून आरपार जाऊन खालच्या टोपीत शिरेल, की आत रुतून बसेल आणि ते फक्त जागं होईल? माझ्या कपाटात सात प्रकारच्या गोळ्या आहेत आणि प्रत्येकीचं मी तासभर पुराण सांगते. त्यातली एकही ह्याच्यासाठी केलेली नव्हती.

मी बंदूक खाली ठेवली, गाडी चालू केली, हॉर्नवर तळहात दाबला आणि गवतातून सरळ मचाणाकडे सुटले.

पहिल्या शनिवारी कुणाची शिकार अशी उधळून लावणं म्हणजे आमच्याकडे लग्नात नवरीच्या अंगावर रस्सा सांडण्यासारखं. देशी हरणं उधळली. चितळं बाजूला झाली, मला वाट दिली, आणि पुन्हा वर बघायला लागली. मी मचाणाखाली ब्रेक मारला आणि हॉर्न सोडलाच नाही.

वर दार धाडकन उघडलं. "वेड लागलंय का तुला? अगं सटवे, समोर उभा होता तो! समोर!"

"खाली ये! ओपल पडली! ये लवकर!"

तोंडाला येईल ते मी बोलले. तो उतरला. गुडघा विसरून उतरला, बंदूक वरच टाकून. मी त्याच्या डोक्याच्या वर एकदाही बघितलं नाही. मी चितळांकडे बघत होते, कारण त्यांना दिसत होतं. एल्रॉय शेवटच्या पायरीवर आला तेव्हा सगळ्यांच्या नजरा एकदम, सावकाश, खाली यायला लागल्या. छपरावरून खांबावर. खांबावरून आणखी खाली.

तो आत बसला, दार आपटलं. चितळांच्या नजरा येऊन थांबल्या त्या आमच्या गाडीवर. काचेत नाही. जरा वर.

गाडी मागून बसली.

माझी गाडी आहे ती. मागे एक नर टाकला की स्प्रिंगा किती दबतात, दोन टाकले की किती, ते मला सीटवर बसून कळतं. हे दोन नरांच्या वर होतं. पण टाकल्यासारखा दणका बसला नाही. हळूच बसली.

"काय झालं ओपलला?" एल्रॉयचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बोल ना!"

"बरी आहे ती. खोटं बोलले. बोलत राहा तू. शिव्या दे मला. गप्प बसू नकोस आणि स्वस्थ बसू नकोस."

शिव्या देण्यात तो कधी कमी पडलेला नाही. आरशात चितळांचा कळप दिसत होता, आणि वळणाआड जाईपर्यंत सगळ्या माना आमच्यामागे वळत होत्या.

६

रानाच्या फाटकातून बाहेर पडलं की डावीकडे एल्रॉयचं घर. शनिवारी सकाळी ओपल बिस्किटं भाजते आणि खिडकीशी कॉफी घेऊन बसते, त्याच खुर्चीत, त्याच वेळी. तिचं धुराडं मला रस्त्यावरून दिसलं. मी गाडी उजवीकडे वळवली.

"घर तिकडे आहे!"

"माहीत आहे."

"नेल्डा, तुझं डोकं फिरलंय. मी ओपलला सांगणार आहे. अख्ख्या गावाला सांगणार आहे. तुला तो नर माझ्या टू-फॉर्टी-थ्रीने पडलेला बघवला नसता ना, म्हणून केलंस तू हे!"

"हो, म्हणूनच केलं. आणखी बोल."

मेसन गावाकडे जाणारा तो रस्ता सरळ आहे. टाकी अर्धी भरलेली होती. टाकी संपेपर्यंत चालवायची, पुढचं पुढे, एवढंच ठरवलं होतं. स्टिअरिंग जड लागत होतं, पुढची चाकं चढावर तरंगल्यासारखी वाटत होती, मागे फार वजन असलं की वाटतात तशी. डोक्यावरचा पत्रा एकदा कुरकुरला. एल्रॉयने वर बघितलं.

"काय आहे वर?"

"ऊन," मी म्हणाले.

एका वळणावर मी वेग कमी केला आणि गाडी मागून उचलली. स्टिअरिंग एकदम लोण्यासारखं फिरलं. मी दोनदा डावी-उजवीकडे फिरवून बघितलं. हलकी होती. माझीच, रिकामी गाडी. इतकं बरं वाटलं मला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी देवाचे आभार मानले, मोठ्याने. एल्रॉय शिव्या द्यायचा थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला.

मग मला रस्त्याच्या दोन्ही बाजू दिसल्या. कुंपणापलीकडे रान, आणि प्रत्येक रानात एक पिंप आणि एक मचाण. हंगामाचा पहिला शनिवार होता. एकही मचाण रिकामं नसणार.

जवळच्याच मचाणाच्या खिडकीत शिकाऱ्याची नारिंगी टोपी होती. समोर देशी हरणं दाणे टिपत होती. त्यांच्यामागे, ओकच्या सावलीत, ठिपकेवाला एक कळप नुकताच माना वर करत होता.

एल्रॉयने तिकडे बोट दाखवलं. "बघ! शीक जरा! कसा शहाण्यासारखा बसलाय तो, दगड होऊन."

मी गाडी थांबवली आणि हॉर्न दाबला. दोन्ही हातांनी दाबून धरला, दाबतच राहिले. देशी हरणं उधळली, चौखूर पळाली.

नारिंगी टोपी जागची हलली नाही.